तिसरी पाळी

टॉवेलचा एक लॉट कार्डिफहून परत आला,
रंग सुटतो म्हणून.
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, अक्कलकोट रोड एमआयडीसी.
खोकी फोडायला आम्ही चौघं, रोज साठ रुपये.
सातव्या खोक्यात, घडीच्या आत,
तिकडच्या कुण्या हमालाची कॅसेट राहिलेली.
कव्हरवर खाणीचं चाक, चाकाखाली चार पोरं,
एकाच्याही तोंडावर हसू नाही.
सत्तेय्या म्हणाला, "काय बे, आपलाच फोटो."

अडीच मिनिटांत गाणं संपलं.
आम्हाला वाटलं, लाईट गेली.
पुन्हा लावलं.

शब्द एक कळेना. नाईट स्कूलचे बिराजदार सर
टेपला कान लावून बसले,
चष्मा पुसला, म्हणाले,
"ही इंग्रजी नाही रे. तिकडे आत
अजून एक भाषा आहे, वेल्श. घरात बोलायची."
घरात बोलायची,
म्हटल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
सत्तेय्याची तेलुगू, जब्बारची दखनी,
बसूच्या आईच्या कानडी शिव्या.

बँड म्हणजे त्याला इतिहास लागतो.
त्यांचा आम्हाला कोण सांगणार,
म्हणून आम्हीच लावला, कन्ना चौकातल्या पानपट्टीपाशी:
गाणारा पोरगा रोज खाणीच्या गेटवर बापाचा डबा न्यायचा,
एका सोमवारी गेटला कुलूप.
ढोलवाल्याचा बाप ग्रॅच्युइटीच्या तारखांना
बारा वर्षं एकच शर्ट इस्त्री करून गेला.
गिटारवाल्याची आई रात्री खोकते, पण पोरांना वाटू नये म्हणून
उशी तोंडावर धरून...
इथे जब्बार गप्प झाला.
खाण आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.
चिमणी पाहिली होती, धूर नसलेली.

आमचं नाव तिसरी पाळी,
मिलमधली सगळ्यात आधी तीच बंद झाली.
बसूच्या गिटारला दोन तारा कमी,
तिथे लूनाच्या क्लचची वायर.
सत्तेय्याला एकच ठेका यायचा, लूमचा.
हळू वाजवायला सांगितलं की त्याला वाटायचं धागा तुटला,
आणि तो उठून बघायला जायचा.
मी कोरस. म्हणजे ओरडायचो.
पहिलं गाणं 'छाट'. शब्द इतकेच:
हजाराला शंभर छाट,
हजाराला शंभर छाट,
मोजणाऱ्याच्या खिशात पेटते
माझ्या आईची छाट.

मोठा कार्यक्रम एकच.
नारळी पौर्णिमा, मार्कंडेयांचा रथ पुढे गेलेला,
मागे उभ्या टेम्पोत आम्ही.
विड्या वळणाऱ्या बायका घरी निघाल्या होत्या, थांबल्या.
'छाट' सुरू झालं तसं एकीने
काखेतलं सूप उलटं करून बडवलं,
मग दुसरीने.
चौथ्या गाण्याला मंडळाच्या अध्यक्षांनी वायर उपटली.
जब्बार तसाच गात राहिला.
किती लांब ऐकू गेलं माहीत नाही.
मी शेजारी होतो, मला गेलं.

बँड मोडला कसा, विचारतात आता पोरं.
भांडण झालं असतं तर सांगायला बरं होतं.
सत्तेय्याला भिवंडीत लूम मिळाले.
बसूचं लग्न ठरलं, गिटार माळ्यावर.
कॅसेट एक दिवस गुंतली, फीत बाहेर आली,
ती बसूच्या चुलत्याने कुंभारीच्या शेतात
ज्वारीवर ताणून बांधली, पाखरांसाठी.
वाऱ्यात गुणगुणायची म्हणे.
बिराजदार सर सायकल थांबवून ऐकताना दिसले होते.

जब्बार मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारतो.
परवा गेलो. ढिगावर उभा होता,
मानेची शीर तीच, टेम्पोवरची.
मला पाहिलं, आणि बोलीचा सूर न मोडता
मधेच म्हणाला, हजाराला शंभर!
खालचा व्यापारी दचकला,
पाटी बघितली, ढीग बघितला,
म्हणाला, "लिहा."